फळी जमिनीवरच होती

निपाणीचे आमचे दाजी यंदा गौरीच्या दिवशी आमच्या सोप्यात, भर पाहुण्यांसमोर, चार पायांवर रांगत होते. हे लिहू का म्हणून त्यांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "लिही, खरं नाव घालू नको." (आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये. तसा इथं दोन्ही अर्थ चालतो म्हणा.)

दाजी भित्रे अजिबात नाहीत. पावसाळा लागला की यांचे राजहंसगडावरचे फोटो यायला सुरुवात होते, मग जांबोटीच्या जंगलातले, मग वज्रपोहा धबधब्याच्या कड्यावरचे. बहीण त्या फोटोंखाली रागाची तोंडं टाकते. असा माणूस त्या दिवशी दीड इंच जाडीच्या फळीवर उभा होता, फळीखाली शहाबादी फरशी होती, आणि तो गुडघ्यावर बसून फळीच्या दोन्ही कडा गच्च धरून म्हणत होता, "काढा हे! कुणीतरी डोळ्यावरचं काढा आधी!"

डोळ्यावरचं म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट. भाचा बेंगळूरहून घेऊन आला होता. त्यात एक खेळ असा की तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, लिफ्ट वर वर जाते, दार उघडतं, आणि समोर गगनचुंबी इमारतीतून बाहेर काढलेली एक अरुंद फळी. तिच्या टोकापर्यंत जायचं, बस्स. भाच्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की खोलीत खरीच फळी ठेवली तर जास्त मजा येईल, पावलाला कड लागते. आमच्या माळ्यावर फळ्यांना तोटा नाही. वडील, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं गवंडी होते. वडगाव, शहापूर, अनगोळ, टिळकवाडी या भागात त्यांनी बांधलेल्या भिंती अजून मोजून दाखवतात. काम सुटलं तरी सेंट्रिंगच्या चार फळ्या, दोन थाप्या आणि एक ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन) त्यांनी कुणाला देऊ दिला नाही. त्यातली नऊ इंच रुंदीची एक फळी आम्ही खाली काढली. सिमेंटचे डाग तसेच.

दाजींनंतर माझी पाळी. मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे सगळ्यांची अपेक्षा अशी की गुरुजींना काही व्हायचं नाही. मलाही तसंच वाटत होतं. समोर दिसतंय ते चित्र आहे, लिफ्ट हलली नाही, फरशी माझ्याच घरची, बाहेर मंडळाच्या स्पीकरचा दणदणाट कानात येतोय. हे सगळं ठाऊक असताना दार उघडलं आणि पायाची बोटं आपोआप आत वळून फळीला धरू लागली. तळहात ओले. पोटऱ्या अशा आवळल्या की दुसऱ्या दिवशी सायकल चढवताना दुखल्या. मी रांगलो नाही एवढंच, पण फळीच्या टोकापर्यंतही गेलो नाही. मध्ये कुठंतरी उभा राहिलो, आणि बायको म्हणाली, "खांब झालाय नुसता."

ती सहज बोलली, पण नेमकं बोलली. पुढचे पंधरा दिवस मी या 'खांब होण्या'च्या मागे लागलो होतो.

सरळ उभं राहणं म्हणजे स्थिर असणं अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. झाडूचा दांडा तळहातावर उभा धरण्याचा खेळ लहानपणी सगळ्यांनी केला असेल. दांडा पडू नये म्हणून तळहात सतत इकडे तिकडे न्यावा लागतो. उभा माणूस हा तसाच दांडा, आणि घोटे म्हणजे तो तळहात. आपण दर क्षणी थोडे पुढे कलतो, पोटरी ओढून मागे घेते, पुन्हा कलतो. प्रयोगशाळेत माणसाला दाब मोजणाऱ्या पाटावर उभं करतात आणि तळव्याखालचा भार कसा सरकतो त्याची रेघ काढतात. शांत उभ्या माणसाचीही ती रेघ म्हणजे लहान पोरानं गिरगटलेल्या पाटीसारखी दिसते.

आता कलतोय हे शरीराला कळतं कशानं? हे मी अण्णांना समजावत होतो, आणि समजावता समजावता त्यांचीच हत्यारं हाताशी आली. आतल्या कानात तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात, आत पाण्यासारखा द्रव भरलेला. डोकं वळलं की पाणी मागे राहतं आणि वळल्याची खबर मिळते. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती अण्णांना लगेच आठवली. काम वेगळं, पण पाण्यावर भरवसा ठेवायचा हे सारखंच. शिवाय कानात एक ओळंबाही असतो: चिकट पडद्यावर बसलेले अगदी सूक्ष्म खडे. डोकं कललं की खडे वजनानं सरकतात, आणि खाली कुठं आहे ते कळतं. हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे. चुन्याचा गिलावा वाळून घट्ट होतो तेव्हा जे बनतं, तेच.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे कानात बी चुनाच?"

कान झाला. दुसरी खबर तळव्यांकडून आणि घोट्यांच्या स्नायूंकडून येते. तिसरी डोळ्यांकडून. तिघांचं एकमत असलं की आपल्याला पत्ताही लागत नाही की आपण सारखे पडता पडता सावरतोय. रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात ओळखलं होतं की पायाकडून खबर येणं थांबलेला रोगी डोळे उघडे असेपर्यंत उभा राहतो आणि मिटले की डोलायला लागतो. पाय जवळ घ्या, डोळे मिटा, ही त्याची परीक्षा अजून दवाखान्यात करतात.

डोळ्याचा शब्द शरीर किती मानतं याचा अनुभव घ्यायला हेडसेट लागत नाही. बेळगाव स्टेशनवर मिरजेच्या गाडीत बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी हलली की आपलीच निघाली असं वाटतं आणि हात दांडीकडे जातो. एडिंबराच्या डेव्हिड ली यांनी हीच गंमत मोठ्या प्रमाणात केली. त्यांनी एक खोटी खोली छताला टांगली. जमीन खरी, पक्की. भिंती मात्र सरकणाऱ्या. आत नुकतीच चालायला लागलेली मुलं उभी केली आणि भिंती जरा सरकवल्या. मुलं पडली. ॲरन्सन यांच्यासोबतचा तो प्रयोग १९७४ साली छापून आला. जमीन हललेली नव्हती, कुणी ढकललं नव्हतं. भिंत आपल्याकडे येतेय म्हणजे आपण पुढे पडतोय असा त्या बाळांच्या पायांनी हिशेब केला आणि ती मागे गेली. आमचे दाजी त्रेपन्न वर्षांचे, पण हिशेब तोच.

तरी एक गोष्ट मला खटकत होती. खेळात काही हलतच नव्हतं. इमारती जागच्या जागी होत्या, फळीही. मग पाय कशानं बिथरले? नुसती भीती म्हणावी तर मला आधी भीती वाटली का आधी पाय गेले, हेच सांगता येत नव्हतं.

याचं अर्धं उत्तर जर्मन डॉक्टर थॉमस ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दिलेलं आहे, आणि ते इतकं साधं आहे की दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येतं. मी दाखवलंही. समजा मी दोन सेंटीमीटर पुढे-मागे किंवा बाजूला डुललो. डोळ्यासमोर एक मीटरवर भिंतीवरचा खिळा असेल, तर बाजूला डुलल्यावर तो सव्वा अंशाच्या जरा आत सरकलेला दिसेल. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो; म्हणजे खिळा दोन चंद्रांहून जास्त सरकला. डोळ्याला हे पटकन समजतं. आता तोच खिळा वीस मीटरवर न्या. सरकणं वीस पटींनी कमी, म्हणजे चंद्राच्या नवव्या भागाएवढं. एवढ्यावरून आपण डुललो हे डोळ्याला कळणं मुश्किल. उंचावर गेलं की जवळचं असं काही उरत नाही. डोळे सताड उघडे, समोर सगळं लख्ख, तरी सावरण्यापुरते ते मिटल्यासारखेच. कान आणि तळवे म्हणतात कललो, डोळा म्हणतो मला तर काही दिसलं नाही.

मला आठवला गोकाकचा पूल. सातवीची सहल. धबधब्याच्या वरच्या अंगाला घटप्रभेवर तारांचा झुलता पूल आहे, आणि त्या वेळी त्यावर जाऊ देत. धबधबा पन्नासेक मीटर खाली कोसळतो, तो बाजूला दिसतो. मी बाजूची तार धरून छान चाललो होतो, पायाखालच्या फटींतून पाणीही बघत होतो. मधोमध गेल्यावर एका सरांनी आवाज दिला, "अरे तार काय धरतोस मुलींसारखी, सोड!" सोडली, आणि तिथंच बसकण मारली. दोन मुलींनी हाताला धरून पलीकडे नेलं. घरी आणलेला करदंट (गोकाकची मिठाई) सहलीतल्या पोरांनी मला महिनाभर आठवण करून देत खाल्ला. इतकी वर्षं मी तो प्रकार उंचीच्या खात्यावर टाकला होता. तार सोडल्यावर झाला, हे कधी ध्यानातच घेतलं नाही. त्याकडे पुन्हा येतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग भीतीचाच आहे, आणि तो कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क कार्पेंटर यांनी चांगला उलगडलाय. त्यांचा प्रयोग म्हणजे वर-खाली करता येणारं व्यासपीठ; माणसाला त्याच्या कडेला उभं करायचं आणि तळव्याखालची रेघ घ्यायची. वर नेल्यावर माणूस जास्त डोलेल असं कुणालाही वाटेल. बहुतेकांचं उलटं झालं. डुलणं लहान झालं, पण झपाझप झालं. पुढची नडगी आणि मागची पोटरी दोन्ही एकदम आवळायची आणि घोटा जाम करायचा, जरा कडेपासून मागे रेलायचं, आणि मग बारीक बारीक थरथरत उभं राहायचं. बायकोच्या भाषेत, खांब. दिसायला भक्कम, पण जाम घोट्याचा माणूस धक्का लागला तर सावरणार कसा?

मग त्याच गटानं खरी उंची आणि हेडसेटमधली उंची शेजारी शेजारी ठेवली. क्लीवर्थ, हॉर्सलेन आणि कार्पेंटर, २०१२. खरी उंची ३.२ मीटर, साधारण आमच्या घराच्या स्लॅबच्या वर. दुसऱ्या वेळी माणूस खालीच, पण हेडसेटमध्ये तेवढीच उंची. भीती, तळव्याचा घाम, उभं राहण्याची तऱ्हा, सगळं दोन्हीकडे साधारण एकाच वाटेनं गेलं. खोटी उंची पायांनी खरी धरली. हे वाचून मला बरं वाटलं. विज्ञानाचा मास्तर म्हणून सोप्यात जी अब्रू गेली होती ती थोडी परत आली.

आता हे घरी करून बघायचा मोह कुणाला आवरेल? जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातल्या मंडळींनी बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकटचं ॲप आहे, फोनमधली हालचाल मोजणारी यंत्रणा त्यातून आलेखासारखी दिसते. फोन कमरेला मागे बांधायचा. पट्टा नव्हता, बायकोच्या ओढणीनं बांधला. प्रयोगशाळेच्या पाटाची सर याला नाही. कुणी खोकलं तरी आलेखात उंट उभा राहतो. शिवाय नुसतं हेडसेट घालून खोट्या जमिनीवर उभं राहिलं तरी माणूस थोडा जास्त डुलतो, डोक्यावर अर्ध्या किलोचं ओझं असतं. तेव्हा तुलना हेडसेटमधल्या तळमजल्याशी करायची, घरातल्या उघड्या डोळ्यांशी नव्हे. एवढं सांभाळून भाच्याचा आलेख घेतला. तळमजल्यावर आळशी, लांब लाटा. वरच्या मजल्यावर त्याच लाटा बुटक्या आणि दाट, वरवंट्याला टाकी लावल्यासारख्या. माझाही तसाच.

दाजींचा नाही. (दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून तयार झाले, हे लिहायलाच पाहिजे.) त्यांच्या लाटा दाटही होत्या आणि उंचही. मला वाटलं ओढणी सैल झाली. नंतर वाचनात आलं की कार्पेंटर यांच्याच गटाला २००९ साली हे दिसलं होतं: उंचावर ज्यांना खरोखरची धास्ती बसते त्यांचं डुलणं कमी न होता वाढतं. मी दाजींना हे सांगितलं नाही. आता वाचतील.

अण्णा हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होते. वय एकाहत्तर. गेली दोन वर्षं चालताना जरा भेलकांडतात. एका दवाखान्यात 'वय झालं' एवढंच ऐकायला अडीच तास बसलो होतो. मला त्यांना हेडसेट द्यायचा नव्हता. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरती झाल्यावर, ते म्हणाले, "मला बी दाव."

"अण्णा, नको," बायको म्हणाली.

"का? मी काय वर चढलो न्हाई काय कधी?"

भाचा मागे, मी उजवीकडे, बायको डावीकडे, असे तिघं त्यांना खेटून उभे राहिलो, मग हेडसेट चढवला. (कुणी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे देणार असेल तर एवढं कराच. हेडसेट घातलेला माणूस खरोखर पडतो, आणि खाली खरोखर फरशी असते.) अण्णांनी आधी पायाच्या अंगठ्यानं फळी चाचपली. "ही आमचीच फळी की." लिफ्ट वर गेली. दार उघडलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबले.

आम्ही सगळ्यांनी फळीवर हात दोन्ही बाजूंना पसरले होते, डोंबाऱ्याच्या पोरीसारखे. अण्णांचे हात पुढे गेले. पंजे उभे, बोटं पसरलेली, काही शोधल्यासारखी.

"भिंत कुठं हाय?"

"भिंत नाही अण्णा. समोर शहर आहे."

"शहर काय करायचंय? भिंत पायजे. भिंतीबगर फळी कोण टाकलाय?"

लेंग्यात त्यांचे गुडघे थरथरायला लागलेले मला दिसले. आणि मग ते कन्नडमधून ओरडले, "हिडी! हिडी!" धर, धर. आमच्या घरात कन्नड बोलत नाहीत, पण कामावर वरून दोर सोडताना, वीट फेकताना हीच हाक असायची, कारण हाताखालची माणसं बहुतेक कन्नड गावांतली. भीतीत माणूस मातृभाषेत ओरडतो म्हणतात. अण्णा परांचीच्या भाषेत ओरडले.

भाचा हेडसेट काढायला पुढे झाला. मी का कुणास ठाऊक, जवळची लोखंडी खुर्ची ओढली आणि तिची पाठ त्यांच्या उजव्या हाताखाली आणली. मला वाटलं घट्ट पकडतील. त्यांनी पकडली नाही. दोन बोटांची टोकं नुसती टेकवली, ओल्या गिलाव्याला हात लावून बघावा तशी. आणि गुडघे थांबले. मी बघत होतो, हळूहळू कमी झाले असंही नाही, थांबले. मग आरामात खाली वाकून बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"एवढ्या उंच बिल्डिंगीला एक परांची न्हाई," ते म्हणाले. "बांधली कशी मग?"

त्या दोन बोटांबद्दल मी बरंच शोधलं. अमेरिकेतले जेका आणि लॅकनर या दोघांनी १९९४ साली दाखवलं की उभ्या माणसानं एका बोटाचं टोक स्थिर वस्तूला लावलं, दाब एक न्यूटनच्याही आत ठेवला, तरी त्याचं डुलणं चांगलंच कमी होतं. एक न्यूटन म्हणजे शंभर ग्रॅम कुंद्याच्या पुडीचं वजन. तेवढ्या आधारानं साठ किलोचा माणूस तोलला जात नाही. बोट आधार देत नाही, बोट खबर देतं. शरीर डुललं की बोटाच्या टोकावरची कातडी जरा ताणते, आणि डोळा किंवा कान सांगण्याआधी कळतं की कुणीकडे चाललोय. डोळे मिटलेले असले तरी चालतं. गोकाकच्या तारेला मी लटकलेलो नव्हतोच. ती माझी जवळची भिंत होती.

नंतर अण्णा बोलायला लागले ते रात्री अकरापर्यंत. नवीन पोरगं कामावर आलं की त्याला थेट वर नेत नसत. आधी खालून विटा द्यायच्या. मग पहिल्या परांचीवर, उंची छातीएवढी, तिथं उभं राहून घ्यायच्या. आठवडाभरानं दुसरी. "वर गेल्यावर लांब बगायचं न्हाई आणि खाली बी बगायचं न्हाई. हातातल्या विटंकडं बगायचं, ओळंब्याच्या दोऱ्याकडं बगायचं. आणि एक खांदा कायम भिंतीकडं. भिंत कायम हाताला लागली पायजे, धरायची न्हाई." मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "शिकवतंय कोण? जो शिकला न्हाई त्यो घरला गेला." घरला कसा गेला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पायरी पायरीनं वर न्यायची ही त्यांची पद्धत उंचीची भीती घालवायला डॉक्टर लोकही वापरतात, आणि १९९५ साली बार्बरा रॉथबाम यांच्या गटानं तीच संगणकात बनवलेले पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट वापरून केली होती. आमच्या घरात हा उपचार बायकोवर आपोआप झाला. तिनं चार दिवसांत इतक्या वेळा फळी पार केली की शेवटी ती टोकाला उभी राहून भाच्याला विचारत होती, डाळीला फोडणी टाकली का बघ रे. तिचा आलेख घ्यायचा राहून गेला याची मला हळहळ आहे. भाचा हेडसेट घेऊन बेंगळूरला गेला.

आता भिंतीचं. गणपतीआधी मी सोपा ते न्हाणीघर या बोळाला पांढरा रंग काढला होता, स्वतः, रजा टाकून. आठ दिवसांत त्यावर कमरेच्या जरा वर एक मळकट रेघ उमटली. अण्णा रात्री उठून जातात, दिवा लावत नाहीत, बोट भिंतीला लावून चालतात. रंगाच्या दुसऱ्या दिवशीच मी बोललो होतो, जरा कडकच. परवा त्या रेघेवर स्टीलची दांडी बसवून घेऊ म्हणून माप घ्यायला टेप लावला, तर मागे येऊन उभे.

"काय करुलालास?"

"दांडी बसवतो. धरायला बरं."

"दांडी नको. धरून चालायला मी काय म्हातारा झालोय?" आणि त्यांनी रेघेवर आडवी नजर टाकली, एक डोळा मिटून. "लेव्हलला हाय बग. दरवाजाकडं अर्धा इंच उतरलीया, त्यो तुझ्या फरशीचा दोष."

टेप मी गुंडाळून ठेवला. फरशी मोजली नाही.